भिंगारदिवे आणि त्यांचं रिदम मशीन

आमच्या शेजारचे भिंगारदिवे सकाळी नमस्कार करायच्या आधी मला माझा वेग सांगत.

“बाई, आज नव्वदवर चालताय. काल शंभराला हुता. गुडघा दुखतोय का?”

गुडघा खरोखरच दुखत असे, त्यामुळे मला रागावता यायचं नाही. मिनिटाला किती ठोके, हे माप त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येक हलत्या वस्तूला लावून ठेवलं होतं. दूधवाल्याची सायकल, कारखान्याचा पट्टा, हेडमास्तरांचं भाषण, सगळ्याला आकडा. तुमचे आजोबा दादऱ्यात घोरतात, हा शोधही त्यांचाच. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती.

“त्या माणसाला सांग,” आजोबा मला म्हणाले, “मी झोपेत कुणाला साथ करत नाही.”

मी सांगितलं. भिंगारदिवे गंभीरपणे म्हणाले, “साहेबांची सम मात्र चुकत न्हाई.”

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, तुमच्या आईवडिलांची लग्नं व्हायच्या आधीची. देवळाली प्रवराच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यात, आम्ही एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. आजोबा शेतकी खात्यात, मी कॉलनीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, आणि भिंगारदिवे इलेक्ट्रिकल विभागात सुपरवायझर. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. हंगामात सगळ्या कॉलनीवर चिमणीची काजळी पडायची, पण त्यांच्या शर्टावर कधी दिसली नाही. काजळीलाही त्यांनी आकडा सांगितला असावा.

आणि त्यांच्याकडे मशीन होतं.

तुमच्या फोनमध्ये आता अख्खा बँड मावतो, म्हणून नीट सांगते. जेवणाच्या ताटाएवढी काळी चपटी पेटी. वर रबराची चौकोनी बटणं, एक छोटी काच आणि एक लाल दिवा. एका बटणात मोठा ढोल, दुसऱ्यात झांज, तिसऱ्यात टाळी. एकदा ठेका बोटांनी भरून ठेवला की मशीन तो न थकता वाजवत राहायचं. नगरमधला एक ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा भिंगारदिव्यांनी ते विकत घेतलं आणि मांडीवर ठेवून एस.टी.नं आणलं. शेजारच्या प्रवाशानं “डब्यात काय हाय?” असं विचारलं, तर ते राहुरी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या घरात त्याला डबा म्हणायची बंदी होती. ‘जुनं’ म्हणायचीही. “वापरलेलं हाय,” ते म्हणत, “जुनं न्हाई.”

पुढच्या खोलीत टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली मशीन असे. हात साबणानं धुतल्याशिवाय ते त्याला बोट लावत नसत. टेपरेकॉर्डरला वायर जोडायची, दोनदा खाकरायचं, आणि पाहुण्याकडे वळून म्हणायचं, “हे मशीन दमत न्हाई. मानूस दमतो, मानूस चढतो, मानूस रुसतो. मशीनला मूड न्हाई.” मग चहा थंड होईपर्यंत पाहुण्याची सुटका नसे.

मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती घेऊन ते माझ्याकडे येत. मी वाचायची, मराठीत सांगायची, आणि दोघांनाही अर्थ कळायचा नाही. “हे बटण दाबून धरा, मग ते दाबा, मग पहिलं सोडा.” वर्गात एवढ्या वर्षांत मी इतकं निरर्थक इंग्रजी वाचलं नव्हतं. भिंगारदिवे मान डोलवून घरी जात आणि भिंतीपलीकडून थोड्या वेळानं काहीतरी वाजायला लागे.

त्यांची खरी तक्रार वेगळी होती. मशीनमध्ये ढोलकी नव्हती.

“सगळ्या जगाचे ढोल हायेत बाई, गाईच्या गळ्यातली घंटापन हाय. ढोलकी न्हाई. का? तर बनवनारा कधी आपल्याकडं जयंतीला आलाच न्हाई.”

मग ते स्वतःच ढोलकी बनवायला बसले. एक आवाज चढवायचा, दुसरा उतरवायचा, दोन्ही एकावर एक टाकायचे. पहिल्या प्रयत्नाला समोरच्या घरातल्या काकू काय पडलं हे बघायला धावत आल्या. दुसऱ्या प्रयत्नाला त्यांनी मला परीक्षक म्हणून बोलावलं.

“डोळे मिटा. काय ऐकू येतंय?”

“ताटात हरभरे पडताहेत.”

“म्हंजे जवळ आलो,” ते समाधानानं म्हणाले.

हा खटाटोप का चालला होता, ते आता सांगायला हवं.

भिंगारदिव्यांच्या पत्नी शालूताई गायच्या. माहेर मिरजगावचं, तिथं घरचीच गायनपार्टी. भाऊ नामदेव ढोलकीवर, चुलतभाऊ पेटीवर, आणि मधोमध शालूताई. दर चौदा एप्रिलला ही पार्टी आमच्या कॉलनीत येई आणि मैदानातल्या मंडपात शालूताई भीमगीतं म्हणत. आवाज असा की मागच्या रांगेतल्या माणसाला आपल्याच कानाशी कुणी बोलतंय असं वाटावं. मग एका हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून त्या बऱ्या होऊन आल्या, पण फुप्फुसात पूर्वीची ताकद आली नाही. त्या वर्षीच्या जयंतीला त्या उभ्या राहिल्या, दुसऱ्या कडव्यात त्यांचा दम संपला, आणि नामदेवची ढोलकी तशीच पुढे गेली. शालूताई माइकसमोरून बाजूला झाल्या आणि मंडपाच्या कडेला बायकांत जाऊन बसल्या.

त्यानंतर त्यांनी गाणं सोडलं. घरातसुद्धा. “आता मी ऐकायला बसनार,” एवढंच म्हणायच्या.

भिंगारदिव्यांनी दोष नामदेवला दिला. “तुझा भाऊ लयीत सुरू करतो आणि शेवटी बैल उधळल्यागत सुटतो,” असं ते जणू मीच नामदेवची बहीण असल्यासारखं मला ऐकवत. पावसाळ्यानंतर मशीन आलं. कॉलनीचं मत पडलं की दाजींनी मेव्हण्याची जिरवायला ते आणलं आहे, आणि भिंगारदिव्यांनीही हे मत कधी खोडलं नाही. मला मात्र प्रश्न पडला होता: जिला दम पुरत नाही, तिच्यासमोर न दमणारं यंत्र ठेवून काय होणार?

एके दिवशी ते पुस्तिका घेऊन आले आणि एकच पान काढून बसले. ठेक्याच्या मध्ये लहान-मोठे तुकडे कसे घालायचे, त्याबद्दलचं ते पान होतं. ते माझ्याकडून त्यांनी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. त्या दिवशी त्यांनी माझा वेगही सांगितला नाही.

मग भिंतीपलीकडून एकच गाणं ऐकू यायला लागलं. म्हणजे गाण्याचा ठेका. आईवरचं एक गाणं, नामदेवच्या पार्टीनंच रचलेलं, शालूताईंचं आवडतं. ढोलकी आता बरीचशी ढोलकीसारखी वाजत होती. पण त्यात एक खोट होती. ओळ संपली की ठेका क्षणभर तुटायचा. नुसती झांज टिकटिक करायची, आणि मग ढोलकी परत यायची. मी शिस्तीची बाई. मला ते खुपायला लागलं.

“भिंगारदिवे, ओळीच्या शेवटी मात्रा जास्त पडतात. चुकतंय.”

मला वाटलं होतं, ते घड्याळ बघतील, वाद घालतील. ते रुमालाची घडी करत म्हणाले, “असू द्या.”

शालूताई तांदूळ निवडत असल्या की ते म्हणायचे, “एक कडवं म्हन गं. मशीन तपासायचंय.” त्या आधी नाहीच म्हणाल्या. मग मान खाली घालून गुणगुणायला लागल्या, सुपातल्या तांदळांना ऐकू जाईल एवढंच. मग थोडं मोठ्यानं.

जयंतीच्या आदल्या दिवशी नामदेव आला. गोल चेहऱ्याचा, हसरा, तोंडात सुपारी. आम्हालाही चहाला बोलावणं होतं. भिंगारदिव्यांनी हात धुतले, खाकरले आणि मशीन सुरू केलं. नामदेवनं मांडीवर ताल धरला. ओळ संपली, ठेका तुटला, त्याचा हात हवेत राहिला. पुन्हा तेच. तो हसायला लागला.

“दाजी, हे अडखळतंय की. धाप लागली का काय त्याला?”

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला. भिंगारदिव्यांनी तिकडे पाहिलं, मग मशीनकडे.

“जुनं हाय,” ते म्हणाले. “जुना डबा. चालायचंच.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात हे दोन्ही शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तेही त्यांच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूताई कुंपणाशी आल्या. पांढरी साडी, ओले केस, चेहऱ्यावर संकोच आणि आनंद एकदमच.

“बाई, मी आज उभी ऱ्हानार हाय. एकाच गान्याला.”

“वा. दम पुरेल ना?”

“पुरतोय आता. पयल्यासारखं झालंय जरा.” मग त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “ह्यांना बोलू नका, पन त्यांचं मशीन मधीच थांबतंय. लई कष्ट केलेत त्यांनी, तोंडावर कसं सांगू? मीच थांबून घेते त्याच्यासाठी.”

मी “बरं करता” म्हणाले आणि आत आले. ते पान त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा का वाचून घेतलं होतं, ते मला ओट्याशी उभी असताना कळलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

संध्याकाळी मंडप भरला. हंगाम संपत आला होता, कारखान्याच्या पट्ट्यावरची माणसंही धुऊन-पुसून आली होती. एका बाजूला मशीन, क्रोशाच्या रुमालासकट. पेटीवाल्याशेजारी नामदेव ढोलकी कापडात गुंडाळून हात बांधून बसला होता. दाजींनी पहिलं गाणं मशीनवर होणार असं जाहीरच केलं होतं. शालूताई उभ्या राहिल्या. ठेका सुरू झाला. त्या गायल्या. ओळ संपली, ठेका तुटला, त्यांनी श्वास घेतला, आणि पुढची ओळ भरल्या आवाजात उचलली. दुसरं कडवं आलं आणि गेलं. मंडपात कुणालाही काही अडखळल्यासारखं वाटलं नाही. नामदेवनं मात्र पहिल्या कडव्यालाच सुपारी चघळायची थांबवली होती. तो एकदा बहिणीकडे बघत होता, एकदा मशीनकडे.

गाणं संपलं आणि लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. “आनखी एक, शालूताई. आनखी एक होऊ द्या.”

भिंगारदिव्यांचा चेहरा उतरला. एवढे महिने घालवून त्यांनी मशीनमध्ये एकच गाणं घातलं होतं. बाकीचे ठेके होते ते सरळ, न थांबणारे. ते मानेनंच नको नको म्हणत होते, पण शालूताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. आपला दम परत आला, असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी पदर खोचला, पेटीवाल्याला पट्टी सांगितली आणि दुसरं गाणं सुरू केलं. साथीशिवायच पहिली ओळ आली. भिंगारदिव्यांचं बोट एका बटणावर होतं आणि ते दाबलं जात नव्हतं.

“दाजी, ऱ्हाऊ द्या,” नामदेव हळू आवाजात म्हणाला. त्यानं ढोलकीवरचं कापड काढलं, ती मांडीवर ओढली आणि दुसऱ्या ओळीला ठेका धरला. ओळ संपली. नामदेवनं हात उचलला आणि एका बोटानं नुसती काठावर टिकटिक करत थांबला, डोळे बहिणीच्या तोंडावर. तिनं श्वास घेतला तशी थाप पडली. पुढच्या ओळीलाही तसंच. उधळणारा बैल म्हणून बदनाम झालेला तो माणूस गाण्यापेक्षा एक पाऊल मागे चालत होता.

भिंगारदिव्यांनी मशीन बंद केलं. लाल दिवा गेला. मी त्यांच्या बाजूलाच बसले होते, म्हणून मला दिसलं. ओळ संपून शालूताई श्वास घ्यायच्या तेव्हा भिंगारदिव्यांचे खांदेही वर यायचे, ओळ सुरू झाली की हळूहळू खाली. त्यांचे ओठ मिटलेले होते, नजर समोर कुठेच नव्हती. गाणं संपेपर्यंत ते तसेच तिच्याबरोबर श्वास घेत बसले होते.