कशानेच भाग न जाणारी संख्या

जुनी गादी टेम्पोत टाकून गणिताचे सर आणि त्यांची बायको वर आले, तोवर घराचं दार आपोआप बंद झालं होतं. दाराला आकड्यांचं कुलूप होतं. सहा आकडे दाबले की उघडायचं. पण सरांनी ते आकडे सकाळीच बदलले होते आणि आता त्यांना ते आठवत नव्हते.

"अर्ध्या तासात माझी मुलाखत आहे," बायको म्हणाली. मुलाखत घरच्या कॉम्प्युटरवरून होती, दवाखान्याच्या तक्रार विभागातल्या नोकरीसाठी. याआधीच्या दोन नोकऱ्या मुलाखतीतच हातच्या गेल्या होत्या.

"आकडा पाठ कशाला हवा? गुणधर्म लक्षात आहेत ना," सर म्हणाले. "सहा अंकी. उलटीकडून वाचली तरी तीच. आणि मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली तर कशानेच भाग जात नाही. चोराच्या बापालाही सुचणार नाही."

"चोराचं राहू द्या. तुम्हाला सुचतेय का?"

उगाच दाबून बघायची सोय नव्हती. तीनदा चुकलं की कुलूप तासभर रुसायचं. सर पायरीवर बसले. बोलणं ऐकून समोरच्या नर्सबाई बाहेर आल्या. त्यांनी सरांच्या हातात कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "वहिनी, माझ्याकडे कॉम्प्युटर आहे. या आत." वहिनी लगेच गेल्या.

सरांनी लिहिलं, १३००३१. तीनने भाग जात नाही, सातने जात नाही. अकराने गेला. ९४००४९. अकराने गेला. पुढची संख्या, तिचंही तेच. आपली आकडेमोड गंजली की काय, या शंकेने सरांनी सगळे भागाकार पुन्हा केले. मग एकदम उजेड पडला. पहिला आणि शेवटचा अंक सारखा म्हणजे त्या अंकाची १००००१ पट. तसंच पुढच्या जोडीची १००१० पट आणि मधल्या जोडीची ११०० पट. तिन्हींनाही अकराने भाग जातो.

सर उठले आणि नर्सबाईंचं दार वाजवलं. चेहरा उजळला होता. "अशी संख्या असूच शकत नाही. सिद्ध झालं."

नर्सबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. मग सकाळी कुलपात काय घातलंत?"

सरांचा चेहरा पडला.

थोड्या वेळाने बायको हसत बाहेर आली. "सोमवारपासून या म्हणाले." ती सरळ घराच्या दाराकडे गेली आणि एक, दोन, तीन, चार, पाच, सहा असे आकडे दाबले. दार उघडलं.

"हे कसं काय?" सर म्हणाले. "ही तर साधी सम संख्या."

"तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी आतून बटण दाबून बदलली. तुमचा आकडा कोण पाठ करणार?"

"मग मला पायरीवर कशाला बसवलंस?"

"मागच्या दोन्ही मुलाखतींत तुम्ही कपाटाआड उभं राहून माझी उत्तरं दुरुस्त करत होतात. त्यांना ऐकू जात होतं."

या विधानात कुठे चूक सापडते का, हे सरांनी बराच वेळ तपासलं. मग ते चहा ठेवायला आत गेले.