न ओलांडलेल्या समुद्राचं प्रायश्चित्त

इंग्रजांची मोठी लढाई संपली त्या वर्षी नेपाळातल्या खर्कडांडा गावात नरजित पुन नावाचा शिपाई जिवंत परत आला. जिवंत परत येणं हा काही गुन्हा नव्हे. पण समुद्र ओलांडून परत येणं हा दोष होता, आणि त्यावर इलाज म्हणून सरकारने पतियाची, म्हणजे शुद्धीच्या दाखल्याची, सोय केली होती. दोषी माणसाने प्रायश्चित्त घ्यायचं, पंडिताने शिक्का मारून पतिया द्यायची, की तो माणूस पुन्हा चुलीजवळ बसायला मोकळा. पलटणीच्या पलटणी सरहद्दीवर येत होत्या आणि खंदकात काय काय खाल्लं ते विसरून शुद्ध होत होत्या.

अडचण एवढीच, की नरजितने समुद्र ओलांडलाच नव्हता. कराचीच्या बंदरात त्याला गालगुंड झालं. त्याचे गाल पाहून डॉक्टरने त्याला जहाजावर चढू दिलं नाही, आणि मग सगळी लढाई त्याने खेचरांना चारा घालत काढली. सरहद्दीवर पंडिताने विचारलं, "काळं पाणी ओलांडलंस?"

"नाही, हुजूर."

"मग रांग कशाला अडवतोस? चल, नीघ."

नरजित आनंदाने निघाला. घरी आमाने, म्हणजे आईने, दारातच त्याला लोटाभर पाणी दिलं आणि ती पोट भरून रडली. संध्याकाळी मुखिया हस्तबीर चौकशीला आला.

"पतिया दाखव."

"मुखियाबा, मी समुद्र ओलांडलाच नाही."

"गावातले बाकीचे शिपाई आले, त्यांच्याकडे पतिया आहे."

"ते ओलांडून आले म्हणून आहे!"

"तेच म्हणतोय मी. त्यांनी ओलांडला तरी ते शुद्ध झाले. तुझ्याकडे पतियाच नाही, म्हणजे तू असं काहीतरी केलं असणार, ज्याला प्रायश्चित्तसुद्धा नाही."

या युक्तिवादापुढे थोरली वहिनी सनमाया हिने तत्काळ मान डोलावली. नरजितची व्यवस्था अंगणात झाली. पाण्याला वेगळा लोटा आला, नाचणीच्या पिठाचा ढिंडो पानावर आला. आमा पान खाली ठेवून मागे सरकायची, मग तो ते उचलायचा. दसैं, म्हणजे दसरा, तोंडावर होतं. लढाईपायी कितीतरी वर्षं आमाच्या हातचा टीका, म्हणजे दही-अक्षतांचा टिळा, त्याच्या कपाळाला लागला नव्हता. या दसैंला तिने टीका लावावा आणि चुलीजवळ बसवून जेवू घालावं, एवढंच त्याला हवं होतं. आमाची दृष्टी जात चालली होती. पुढच्या दसैंला लेकाचं कपाळ तिला दिसेल याची खात्री नव्हती.

म्हणून पतिया मिळवायला नरजित आणि मुखिया काठमांडूला गेले. आमाने आपल्या म्हशीच्या दुधाचं दही लावून लाकडी ठेकी भरून बरोबर दिली, कारण कचेरीचं काम रिकाम्या हाताने होत नाही. पतियाच्या कचेरीचे अधिकारी डिठ्ठा पद्मकांत यांच्या अंगणात दोघांनी आधी चाकरी केली. आमच्याकडे चाकरी म्हणजे काम करणं नव्हे. मोठ्या माणसाच्या अंगणात सकाळपासून उभं राहायचं आणि त्याला दिसत राहायचं. पुरेसं दिसल्यावर डिठ्ठांनी दही घेतलं, स्वतः खाल्लं, कचेरीत वाटलं आणि प्रकरण ऐकलं.

"समुद्र ओलांडला नाहीस, तर दोष नाही. दोष नाही, तर प्रायश्चित्त नाही. प्रायश्चित्त नाही, तर पतिया नाही."

"मग मी शुद्ध आहे असंच लिहून द्या, हुजूर."

"शुद्ध माणसाला तसं लिहून द्यायची तरतूद नाही. अशुद्धांनाच आम्हाला पुरं पडता येत नाही."

"मग आता जाऊन ओलांडून येतो."

"स्वतःच्या मर्जीने? मग जन्मभर पतिया मिळणार नाही."

मुखियाने नरजितला कोपऱ्यात नेलं. "ओलांडला म्हणून सांग ना, गाढवा! एक समुद्र काय, दोन सांग!"

नरजितने डोळे मिटले आणि ओलांडला म्हणून सांगितलं. डिठ्ठांचा चेहरा उजळला. आता प्रकरण नियमात बसत होतं.

"छान. घरी परतल्यावर कोणाच्या हातचं पाणी प्यायलास?"

"आमाच्या, हुजूर. दारातच दिलं तिने."

"म्हणजे तुझ्या उष्ट्या लोट्याने तिलाही दोष लागला. तिच्या हातचं पुढे कोणी काही खाल्लं?"

नरजितने रिकाम्या ठेकीकडे पाहिलं. मुखिया छताकडे पाहू लागला.

"अरे, विचारतोय मी. कोणी खाल्लं?"

"दही तिनेच लावलं होतं, हुजूर."

डिठ्ठांनी मिशी पुसली. कारकुनांनी ओठ पुसले. पतियाचा शिक्का ज्यांच्या हाती असायचा, त्या पंडितांनी तर दोनदा मागून खाल्लं होतं. राज्यात शुद्धी देणारी ती एकच कचेरी, आणि तीच नखशिखांत अशुद्ध! शिक्का उचलायला पवित्र हात उरला नाही. दारं लावून सगळे दुपारभर बसले. तहान लागली, पण पाण्याच्या घड्याला हात कोणी लावायचा, यावर एकमत होईना.

अखेर डिठ्ठांनी निर्णय दिला. "नरजित पुन याने समुद्र ओलांडलेला नाही. त्याला गालगुंड झालं होतं."

"हेच मी पहिल्यापासून सांगतोय, हुजूर!"

"तू सांगणं वेगळं, कचेरीने ठरवणं वेगळं."

त्याबरोबर आमा शुद्ध झाली, दही शुद्ध झालं, पंडित शुद्ध झाले.

"आणि मी?" नरजितने विचारलं.

"तू? तू भर कचेरीत खोटा समुद्र ओलांडलास. त्याची चौकशी दसैंनंतर. तोवर अंगणातच राहा."

दसैंच्या दिवशी घरात सगळ्यांना टीका लावून झाल्यावर आमा टीक्याचं ताट आणि त्याच्या जेवणाचं पान घेऊन अंगणात आली. तिने लेकाचा चेहरा हाताने चाचपला, कपाळ शोधलं आणि टीका लावला. मग खाली बसून त्याच्याच पानातला घास उचलून तिने तोंडात घातला. नरजित रडायला लागला. आमा म्हणाली, "जेव गुपचूप. गार होतंय."

उठून ती आत जायला निघाली, तर सनमाया उंबऱ्यात उभी. तिच्या हातात आणखी एक वेगळा लोटा होता.

"आमच्या मनात काही नाही हं, आमा," ती गोड आवाजात म्हणाली. "घर तुमचंच आहे. पण घरात लहान मुलं आहेत, जरा स्वच्छतेचं बघावं लागतं."

वाचता वाचता तुम्हाला सनमायाचा राग आला असेल. यायलाच हवा. तिच्या जागी तुम्ही असतात, तर सासूला हाताला धरून आत नेलं असतंत, याबद्दल मला तिळभर शंका नाही. सहज विचारतो, तुमच्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींचा चहाचा कप कुठे असतो? मोरीच्या कट्ट्यावर, उपडा, कान तुटलेला तो? नाही नाही, लाजू नका. तुमच्या मनात काही नाही, ठाऊक आहे मला.