सुमेधाबाईंच्या आवाजाची हकीकत

श्रीरेषाभवानी समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी टेनिसचे राज्यांत जे वर्तले ते श्रोतीं सावध होऊन ऐकावे. सरनोबतांची कन्या सुमेधाबाई कॉलेजचे मुलखी अजिंक्य होत्या. तेथील वहिवाट ऐसी की, आपले अंगणी पडला चेंडू आत की बाहेर, ते खेळणाराने आपणच मोठ्याने सांगावे. बाईंनी कधी खोटे सांगितले नाही, हरावयाची पाळी आली तरी "आत!" म्हणोन गर्जत. तीर्थरूप आबासाहेब मिशीवर ताव देऊन सांगत, "आमच्या पोरीचा शब्द म्हणजे शब्द!" मग पदवी घेऊन बाई व्यावसायिकांचे प्रांती निघाल्या, आणि आबासाहेब बोलिले, "बाळ, ही एक स्पर्धा. जिंकलीस तर पुढं खेळ, नाहीतर मुकाट्यानं घरी येऊन नोकरी बघ."

त्या प्रांती रेषेवर मनुष्य नाही. खांबांवर यंत्राचे डोळे, आणि कोठूनशी वाणी उठे, "बाहेर!" आणि पंच उंच खुर्चीवर बसोन नुसती मान डोलवी. आता नवल काय सांगावे! ती वाणी हुबेहूब सुमेधाबाईंची. बाईंचे अंगावर सर्रकन काटा आला. आबासाहेबांस सांगितले तो ते हासोन बोलिले, "काहीतरीच तुझं! दमलीस." मग खेळतां खेळतां स्पर्धेचा अंतिम सामना अखेरीस आला, बाईंस एक गुण मिळाला की फत्ते. परमुलखीचे पोरीने चेंडू मारिला तो ऐन रेषेवर पडला. बाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिला. वाणी बोलिली, "बाहेर!" जुने सवयीने "आत" ओठांवर आले, आणि ती नोकरी डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि बाईंनी मनी म्हटले, "मी कुठं म्हणाले? तीच म्हणाली ना!" आणि ओठ मिटिले.

ती पोर रडत हात मिळवू आली, तेव्हा बाईंस राहवेना. चेंडू आत होता, ऐसे सांगावे म्हणोन तोंड उघडिले, तो शब्द फुटेना. आबासाहेब धावत आले, "जिंकलीस गं पोरी! बोल की काहीतरी!" बाई ओठ हलविती, आवाज नाही. इतक्यांत रित्या मैदानांतून बाईंचाच आवाज आला, "आबा, इकडे." आबासाहेबांनी लेकीचा हात सोडिला आणि "आलो गं बाळ" म्हणत रेषेकडे चालते जाहले. बाईंनी मागून सदरा धरिला, तो त्यांनी झटकिला.

पुढे बाईंनी पुष्कळ मैदाने मारिली. आबासाहेब हरएक सामन्यास येतात, रेषेशी बसोन हासतात, बोलतात, लेकीस मात्र ओळखीत नाहीत. येणेप्रमाणे वर्तमान, ऐकिले तैसे लिहिले. बाई आजही अजिंक्य आहेत, आणि मुक्या आहेत.