चिंतामण साळिंदराचा सेंटर स्पीकर

मुलांनो, मांडी घालून बसा. कान साफ आहेत ना? आजची गोष्ट कानांचीच आहे.

एका जंगलात चिंतामण नावाचा साळिंदर राहत होता. त्याच्या बिळात त्याची बायको सुलभा होती, म्हातारे वडील आबा होते आणि भिंतीएवढा टीव्ही होता. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना दोन उंच स्पीकर होते. ते चिंतामणने स्वतः बनवले होते, आणि हे तो पाहुण्यांना पाणी विचारायच्या आधी सांगत असे.

स्पीकर दणदणीत होते. पडद्यावर वीज कडाडली की बिळाच्या छतातून माती पडायची. फक्त पात्रं काय बोलतात ते कळायचं नाही.

आबा रोज संध्याकाळी ‘वारूळ कुणाचं?’ नावाची मालिका बघत. त्यात एका श्रीमंत मुंगसाला कोणीतरी विहिरीत ढकललं होतं. कोणी ढकललं, ते चारशे भाग झाले तरी कळलं नव्हतं. आबांनी एकही भाग चुकवला नव्हता. त्यातले निम्मे त्यांनी नुसते तोंडं बघून समजून घेतले होते.

“काय म्हणाली रे ती?” आबा विचारत. चिंतामण सांगेपर्यंत पुढचं वाक्य निघून जाई.

एक दिवस आबा म्हणाले, “चिंतू, या वयात मला दुसरं काही नको. मुंगसाला ढकललं कोणी, एवढं माझ्या कानांनी ऐकायचंय. बास.”

वडिलांवर चिंतामणचा खरंच जीव होता. तो म्हणाला, “आबा, मी तुम्हाला सेंटर स्पीकर करून देतो.”

सेंटर स्पीकर म्हणजे टीव्हीखाली मधोमध ठेवायची पेटी. पात्रांचं बोलणं तिच्यातून येतं. चिंतामणच्या टीव्हीखाली वीतभर उंचीचा कोनाडा होता. त्यात मावेल एवढी पेटी हवी आणि पेटीत आवाज काढणाऱ्या गोल चकत्या हव्या. जाणकार त्यांना ड्रायव्हर म्हणतात. समोर अडाणी कोणी असला तर जरा जास्तच म्हणतात.

चिंतामणने आबांच्या मोडक्या रेडिओतून तळव्याएवढा एक ड्रायव्हर काढला, वायर जोडली आणि पेटीबिटी न करता तसाच कोनाड्यात उभा करून पाहिला.

आबा खुर्चीत ताठ झाले. “अरे, सगळं कळतंय की. ती म्हणतेय, चहात साखर कमी पडली.” आबांचे डोळे भरून आले. “झालं तुझं काम. हाच ठेव.”

चिंतामण हसला. “आबा, हा नुसता तपासायला लावलाय. खरे ड्रायव्हर अजून निवडायचेत.”

मुलांनो, गोष्ट इथेच संपायला काही हरकत नव्हती. पण मग तुम्हाला तात्पर्य कुठून मिळालं असतं?

तळ्याकाठच्या वडाखाली दर रविवारी स्पीकरवाल्यांचा कट्टा भरत असे. चिंतामण तिथे गेला. कट्ट्यावर बेडूकराव आणि वटवाघूळ सर या दोघांचा शब्द चाले.

“वूफर केवढा घेताय?” बेडूकरावांनी विचारलं. वूफर म्हणजे जाड आवाजाचा ड्रायव्हर.

“कोनाडा वीतभरच आहे हो. आणि आबांना फक्त बोलणं ऐकायचंय.”

“बोलण्याला छाती नको? उद्या मालिकेत हत्ती आला म्हणजे?”

हा विचार चिंतामणने केलाच नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

“उंची नसेल तर दोन छोटे वूफर आडवे लावा,” बेडूकराव म्हणाले. “एक डावीकडे, एक उजवीकडे. मध्ये ट्वीटर.”

ट्वीटर म्हणजे बारीक आवाजाचा ड्रायव्हर. तो शब्द ऐकताच फांदीला उलटे लटकलेले वटवाघूळ सर जागे झाले. “ट्वीटर किती बारीक आवाजापर्यंत जातो? मला ऐकू येतं तिथवर गेला पाहिजे.”

“सर, आमच्या आबांना तर कोकिळाही ऐकू येत नाही.”

“म्हणून आपण दर्जा सोडायचा?”

चिंतामणने मान खाली घातली. दर्जा सोडणाऱ्यांतला तो नव्हता.

मग निवड सुरू झाली. चिंतामण ड्रायव्हर आणी, त्याच्या आवाजाचा आलेख काढी, कट्ट्यावर दाखवी आणि परत करी. एकाची रेघ मध्येच किंचित उचललेली होती. दुसऱ्याची किंचित बसलेली होती. तिसऱ्याची सरळ होती, तर बेडूकराव म्हणाले, “इतकी सरळ रेघ? मला तर संशय येतो.” चौथा निर्दोष निघाला, पण तो कोनाड्यापेक्षा चार बोटं उंच होता. चिंतामणने कोनाडा खणायला घेतला तेव्हा सुलभाने त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली.

रेडिओतला ड्रायव्हर त्याने केव्हाच काढून ठेवला होता. आबा पुन्हा तोंडं बघून गोष्ट समजून घेत होते.

“अहो, तोपर्यंत तो जुना लावा ना,” सुलभा म्हणाली.

“त्याने कान बिघडतात.”

“कोणाचे?”

चिंतामणने आलेखात डोकं घातलं. मालिकेचे आणखी दोनशे भाग झाले.

शेवटी तीन ड्रायव्हर ठरले आणि पेटी झाली. मालिकेच्या शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी ती कोनाड्यात बसली. कट्ट्याची रीत अशी होती की ज्याने पेटी केली त्याच्या बसायच्या जागी माइक ठेवून आवाज मोजायचा. चिंतामण टीव्हीसमोर मधोमध बसे. तिथे माइक ठेवला. आलेखाची रेघ अशी आली की वटवाघूळ सर कौतुकाने क्षणभर सुलटे झाले.

आबांची खुर्ची मात्र कोपऱ्यात, बिळाच्या तोंडाशी होती. संध्याकाळचं ऊन तिथे त्यांच्या गुडघ्यांवर येई. आणि दोन वूफर आडवे लावले की बाजूला बसणाऱ्याकडे त्यांचे आवाज मागेपुढे पोचतात, एकमेकांवर आपटतात आणि शब्द पुसले जातात. हे कोपऱ्यात बसल्याशिवाय कळत नाही. कोपऱ्यात कोणी बसून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळा कट्टा चिंतामणच्या बिळात जमला. जो तो मधोमध दाटीवाटीने बसला. सुलभा आत त्यांच्या चहाला लागली. आबांनी स्वच्छ उपरणं घेतलं होतं.

मालिका सुरू झाली. फौजदार रानडुक्कर विहिरीच्या काठावर उभा राहिला. त्याने सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

“ऐकलंत?” बेडूकराव म्हणाले. “त्याने तोंड उघडलेलंसुद्धा ऐकू आलं.”

“मागे पाणी ठिबकतंय, त्याचा थेंब न् थेंब वेगळा आहे,” वटवाघूळ सर म्हणाले.

“वूफर मीच सुचवले होते.”

“पण ट्वीटर माझा.”

चिंतामणला इतका आनंद झाला की तो एकेकाचे आभार मानत सुटला. पडद्यावर कोणाला तरी बेड्या पडल्या. बेड्या पडलेल्याने तोंड पदराने झाकलं होतं की पंजाने, तेही समोरच्या गर्दीमुळे आबांना दिसलं नाही. मग नावं सरकू लागली.

“चिंतू,” कोपऱ्यातून आबा म्हणाले, “इथे काहीच कळलं नाही रे. कोण निघालं?”

चिंतामणने बेडूकरावांकडे पाहिलं. बेडूकरावांनी वटवाघूळ सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं.

“आबा,” चिंतामण चाचरत म्हणाला, “ते ऐकायचं आमच्याकडूनही जरा राहून गेलं.”

सुलभा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. आबांनी उपरण्याची घडी घातली.

“असू दे,” ते म्हणाले. “तुझ्या पेटीचा आवाज मनासारखा आला ना?”

त्या क्षणी चिंतामणला पेटी उचलून तळ्यात टाकावीशी वाटली. तेवढ्यात वटवाघूळ सर खाकरले.

“कोपऱ्यात बसणाऱ्यांसाठी ड्रायव्हर वेगळे निवडावे लागतात.”

चिंतामणने डोळे पुसले आणि वही उघडली.

तात्पर्य : स्पीकर बनवताना ज्याला ऐकायचं आहे त्याचं मत कधीही घेऊ नये. त्याचं फार लवकर समाधान होतं.