ऑ गावचा ओढा

गावांची नावं तपासणाऱ्या साहेबांनो, तुम्ही आमची चेष्टा चालवली आहे. हे मी तुमच्या तोंडावर सांगतो.

आमचं समुद्रकाठचं गाव ऑ. नाव एका अक्षराचं. तुमचा अधिकारी आर्विद आला तो ऐन उन्हाळ्यात, कोरड्या जुलैत. गावाच्या पाटीशेजारी, ओढ्याच्या काठावर गुनवोरचं वॅफलचं दुकान आहे, तिथं बसून तो ज्ञान पाजळू लागला. "ऑ म्हणजे वाहतं पाणी. शेजारच्या डेन्मार्क-स्वीडनमध्येही तेच. आइसलँडमध्ये 'आउ'. हॉलंड-जर्मनीत तर नद्यांचीच नावं 'आ'. लॅटिनमधल्या पाण्याचा चुलतभाऊ आहे हा शब्द! पण तुमच्याकडे पाणी कुठंय?"

"उन्हाळ्यात आटतो हो ओढा," गुनवोर म्हणाली.

"मग नाव खोटं. उद्या पुन्हा बघतो. पाणी नसेल, तर पाटी काढणार."

पाटीजवळ फोटो काढायला लोक येतात, तेच वॅफल खातात. "पाटी गेली तर वॅफल काय समुद्रपक्ष्यांना विकू?" गुनवोर रडकुंडीला आली.

डुग्नाड ठरलं. आमच्याकडे डुग्नाड म्हटलं की आजारी माणूससुद्धा फुकट राबायला फावडं घेऊन हजर. वरच्या अंगाला घरोघरच्या नळांचे पाइप ओढ्यात सोडले. तरी घोटा भिजेना. तेव्हा मासेवाल्या टोरलाइफनं आपली मासे धुवायची भलीमोठी टाकीच मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी आर्विद ओढ्यावरच्या पुलावर उभा. पाणी खळाळत आलं. पाण्याबरोबर फेस आला, आणि फेसाबरोबर एक कॉड.

"हा तर समुद्रातला मासा!"

"चढतात कधीमधी," टोरलाइफ म्हणाला.

"अहो, याला डोकं नाही!"

"म्हणून तर वाट चुकला बिचारा."

गुनवोरनं घाईघाईनं आर्विदच्या तोंडात तपकिरी चीजचं वॅफल कोंबलं. तो चावत चावत ओढ्याचं माप घेऊ लागला. हळूहळू त्याचा चेहरा खुलला.

"ओढा आहे! चांगला दणकट आहे. नाव राहील!"

गावानं टाळ्या पिटल्या.

"मात्र एवढा जोर म्हणजे हे दुकान पूररेषेच्या आत येतं. पाडावं लागेल."

"अहो, कसला जोर आणि कसला ओढा!" गुनवोर किंचाळली. "नळाचं पाणी आहे ते!"

"बरं. मग पाटी काढू?"

तर साहेबांनो, नळ बंद केले की पाटी जाते, चालू ठेवले की दुकान जातं. अख्खा गाव नळावर हात ठेवून ताटकळत उभा आहे. आमच्याकडे ओढा आहे की नाही? बोला!