काठ साफ पाहिजे

रहांगडाले काकाजी माझ्या स्टुडिओत शिरले की आधी भिंतीवरच्या दोन फोटोंची तारीफ करायचे आणि मगच बसायचे. फोटो रोज तेच. एक प्लास्टिकच्या हत्तीवर बसवलेल्या रडक्या पोराचा, दुसरा चंद्रकोरीवर हनुवटी टेकवलेल्या नवरीचा. दोन्ही मीच काढलेले आणि धूळ खात तिथेच लटकलेले. पण काकाजी चष्मा वर सरकवून पाहणार आणि म्हणणार, "पोराच्या डोळ्यातलं पाणी मस्त धरलं बाप्पा. नवरीवर उजेड जरा तिखट झाला." मग खुर्ची ओढून घेणार.

सुरुवातीला मला वाटलं, माणूस थोडा सरकलेला आहे. मग कळलं, हा नियम आहे. काकाजी इंटरनेटवरच्या एका फोरमचे सभासद होते. देशभरातले हौशी लोक तिथे पक्ष्यांचे फोटो टाकायचे आणि एकमेकांच्या फोटोंवर मत द्यायचे. स्वतःचा एक फोटो टाकायचा तर आधी दुसऱ्यांच्या दोन फोटोंवर काही तरी लिहायचं, असा तिथला रिवाज. काकाजींनी तो घरादारात लागू केला. जेवताना "भात मोकळा झाला, वरणाचा रंग चांगला आला," एवढं म्हटल्याशिवाय ते मीठ मागत नसत. त्यावर सेवंताकाकू म्हणायच्या, "भाजी अळणी झाली तं सरळ सांगा ना जी. एवढी आरती कायले ओवाळून राहिले?"

ही मोबाइलमध्ये कॅमेरा यायच्या आधीची गोष्ट. गोंदियात तेव्हा मोजक्या ठिकाणी नेट होतं, त्यातलं एक माझ्याकडे, टेलिफोनच्या तारेतून रडतखडत येणारं. काकाजी पाटबंधारे खात्यात बाबू. मूलबाळ नाही, पानतंबाखूची सवय नाही. असा माणूस एक दिवस अचानक डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून आला आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला. रविवारी पहाटे स्कूटर काढून तळ्यांवर, लहानसहान बोड्यांवर पाखरं टिपायला जायचं आणि संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन माझ्या संगणकासमोर ठाण मांडायचं. गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी ताटकळत उभं आणि हे बगळ्याचे पाय मोजत बसलेले.

फोरमचे नियम त्यांना तोंडपाठ होते. फोटोची लांब बाजू आठशे पिक्सेलच्या वर नको, वजन दीडशे केबीच्या आत, दिवसाला एकच फोटो, घरट्याचा फोटो अजिबात नाही, आणि आपलं नाव टाकायचं तर कोपऱ्यात, बारीक. पण सगळ्यात लाडका नियम काठाचा. फोटोच्या कडेला अर्धवट फांदी, कुणाचं कोपर, बैलाचं शेपूट असं काही घुसलेलं नको. "काठ साफ पाहिजे, मनोज," ते म्हणायचे. "मधात मोर असला आन् काठावर कचरा असला, तं मानसाचा डोळा कचऱ्यावरच जाते."

पुढे फोरमवाल्यांनी त्यांनाच देखरेखीला बसवलं. मग तर विचारूच नका. कुणी तरी दूरच्या शहरातून तीन हजार पिक्सेलचा गरुड टाकला की माझ्या संगणकावर तो वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचा. चोच दिसेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. "पाह्य, पाह्य," काकाजी संतापायचे, "हा मानूस हत्ती घेऊन दुसऱ्याच्या घरात घुसून राहिला!" चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स पाहिला तरी स्कूटर थांबवून ओरडायचे, "काय ही लांब बाजू! कोनं पास केला?"

बोलण्यालाही त्यांनी माप लावलं होतं. कुणी लांबण लावली की हात वर करून म्हणायचे, "लहान करून सांग, भाऊ." शेजारचा कापडवाला आपल्या मुतखड्याची कहाणी सांगायला बसला, तर त्यालाही, "भाईसाहब, थोडा छोटा करके." तो बिचारा भडकला. "बाबूजी, दर्द है मेरा, फोटो नहीं है!" मला मात्र जाम हसू आलं.

आता एवढ्या फोटोवेड्या माणसाच्या घरी बायकोचा एक धड फोटो नव्हता. लग्नातला होता, पण त्यात काकू बाशिंगाआड. काकाजी नेम धरायचे पाखरावर, आणि चुकून कॅमेरा काकूंकडे वळला तर त्या पदर तोंडावर ओढायच्या. "मी का पाखरू आहो?"

एका हिवाळ्यात दोघं काकूंच्या बहिणीकडे, कामठ्याला गेले होते. परतताना वाटेत शिंगाड्याचं तळं लागलं. तिथे कमळपक्षी काकूंनाच आधी दिसला. "अजी, तिकडे पाहा ना जी!" म्हणून त्या बांधावरून खाली उतरल्या, आणि काकाजींनी बटण दाबलं. संध्याकाळी तो फोटो माझ्या पडद्यावर उघडला तेव्हा मी हातातलं काम सोडून पाहत राहिलो. उजवीकडे पंख उघडलेला पक्षी. आणि डावीकडे, चिखलाने भरू नयेत म्हणून चपला एका हातात धरलेल्या सेवंताकाकू, दुसरा हात पाखराकडे लांब केलेला, डोक्यावरचा पदर पडून वाऱ्याने पाखराच्या बाजूला उडालेला, आणि तोंडभर हसू. कॅमेऱ्याचं भानच नाही बाईला.

"काकाजी, हा काकूंचा फोटो लय भारी आला. मी मोठा प्रिंट काढून देतो," मी म्हटलं.

"थांब ना. आधी काठ साफ करू दे."

"अहो, तो वेगळा ठेवा. त्याची कॉपी करून मग काय ते कापा."

"एका फोटोची एकच फाइल. दोन ठेवल्या का घोळ होते." हाही त्यांचा स्वतःचा एक नियम. त्यांनी डावीकडून काकूंना कापलं, लांब बाजू आठशेवर आणली, आणि जुन्या फाइलीवर नवी ठेवू का असं संगणकाने विचारलं तेव्हा होय म्हणून टाकलं. कार्डही नेहमीप्रमाणे तिथल्या तिथे पुसलं, पुढच्या रविवारसाठी. आणि एवढं करूनही काठ साफ झाला नाही. आणखी कापावं तर पक्ष्याची शेपटी तुटत होती, म्हणून काकूंच्या निळ्या साडीचं बोटभर टोक तिथे राहूनच गेलं. काकाजी चुकचुकले. "गेला हा फोटो वाया," म्हणाले, आणि तो फोरमवर टाकलाच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंना कावीळ झाली. साधी आहे म्हणता म्हणता त्या गेल्या.

तेरवीच्या आधी काकाजी स्टुडिओत आले. भिंतीकडे पाहिलंच नाही. खिशातून काकूंचं मतदान कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "मोठा करून दे, मनोज."

"काकाजी, एवढा लहान फोटो मोठा केला तर फुटेल," मी म्हटलं. ज्या माणसाने मला हे हजारदा ऐकवलं होतं, त्यालाच मी सांगत होतो.

"फुटू दे."

मी जमेल तेवढं केलं. पण मतदान कार्डावरच्या फोटोत आपण स्वतःलाही ओळखू येत नाही, ते मोठं करून काय होणार? तेरवीला हार घातलेल्या त्या चौकटीसमोर काकूंची बहीण उभी राहिली आणि म्हणाली, "ही आमची सेवंता नाही वाटत जी." दुसऱ्या दिवशी काकाजी माझ्याकडे आले आणि तळ्यावरच्या त्या फोटोचं विचारलं. मी संगणक पालथा घातला, पुसलेले फोटो परत आणणारी सगळी सॉफ्टवेअरं त्यांच्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर चालवली. बगळे निघाले, बदकं निघाली. त्याच कार्डावर त्यांनी इतकी पाखरं भरली होती की काकूंना जागाच उरली नव्हती.

मग ते येईनासे झाले. खोटं कशाला बोलू, मला करमत नव्हतं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला. काकाजी आत आले, आणि चष्मा वर सरकवून भिंतीकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "पोराच्या डोळ्यातलं पाणी चांगलं धरलं." नवरीबद्दलही बोलले. मग खुर्ची ओढली. "तो कमळपक्षी उघड. आज टाकतो."

फोटो गेला. आम्ही चहा मागवला. तेवढ्यात कुणा नव्या सभासदाचं मत आलंच. पक्षी उत्तम, पण डाव्या काठावरचं निळं कापड डोळ्यात खुपतं, तेवढं कापून टाका. नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. काकाजींनी स्वतः शेकडो लोकांना हेच लिहिलं होतं.

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, इंग्रजीत उत्तर लिहिलं. मी मागून वाचलं. तिथे माझी बायको उभी आहे, काठ असाच राहील, एवढंच होतं. मी उगाच कपबशा गोळा करू लागलो.

काकाजी पडद्यावरच्या त्या निळ्या टोकाकडे पाहत होते. तिकडेच पाहत म्हणाले, "मनोज, मी तं तवा पाखराकडेच पाहून राहिलो होतो. तू पाह्यलं होतं ना तिले? पूर्ण?"

"पाहिलं होतं ना, काकाजी."

"मंग सांग, कशी दिसून राहिली होती ते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आन् हे पाह्य, लहान करून सांगू नोको."

मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं, आणि काकूंच्या हातातल्या चपलांपासून सुरुवात केली.