सहा स्थळांचं गाव

कॉव्हेंट्रीत डॉक्टर मोघ्यांकडे जेवायला गेलं, की पानावर बसण्याआधी नॉर्वे पाहावा लागे. अख्खा नॉर्वे नव्हे. समुद्रकाठचं एक एवढंसं गाव आणि त्यातली सहा प्रेक्षणीय स्थळं. डॉक्टर पडदे ओढत, प्रोजेक्टर घरघरू लागे. लाकडी चर्च, मासेमारीचं म्युझियम, दोर वळायची लांबलचक शेड, कॅप्टनचं घर, जुनी वखार, दीपगृह. "पाहून घ्या," डॉक्टर म्हणत, "नाहीतर जन्म फुकट."

आमचा जन्म त्या सोफ्यावर फुकट चालला होता, ते वेगळं.

मोघे आमच्याच हॉस्पिटलात भूल द्यायचे. यांना त्यासाठी औषध कशाला लागतं, असं आम्ही कॅन्टीनमध्ये म्हणत असू.

त्यांची प्रवासाची एक पद्धत होती. गाइडबुकातल्या प्रत्येक स्थळापुढे पेन्सिलीने टिक करायची. एक जरी राहिली तरी ट्रिप वाया. सुधावहिनी दशम्यांचा डबा सांभाळत मागून चालायच्या. फोटोत माणूस आलेलं डॉक्टरांना खपत नसे. "माणसं काय, घरी दिसतातच," म्हणायचे.

नॉर्वेहून परतल्यावर तीन महिन्यांत वहिनी हार्ट अटॅकने गेल्या. आणि मोघे दर जुलैत त्याच गावाला जाऊ लागले, एकटे. महाराष्ट्र मंडळात हसण्याला नवा विषय मिळाला. त्यात मीही होतो.

ते रिटायर झाले, त्या वर्षी मी विचारलंच, "अहो डॉक्टर, आता तिथं बघायचं राहिलंय काय?"

प्रोजेक्टर बंद करून ते म्हणाले, "त्या ट्रिपच्या शेवटच्या दिवशी सुधा म्हणाली, दम लागतोय, इथं धक्क्यावरच बसू ना दोघं. बाक होता. मी म्हटलं, यू सिट, दीपगृहाची लास्ट बोट चुकेल. एकच टिक राहिली होती. दोन तास गेलो. मी डॉक्टर, आणि साधी नाडी पाहिली नाही हो तिची."

मला इतकी वर्षं केलेल्या टवाळीची शरम वाटली.

"आता जातो तो त्या बाकावर बसायला. दुसरं काही करत नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आणि दीपगृह?"

"बाकावरून दिसतं की," डॉक्टर म्हणाले. "अख्खं दिसतं."